कानात कुंई वाजतंय? एकदा जबडाही बघा: घरी काय करायचं आणि डॉक्टरकडं कधी जायचं

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत रात्री माग बंद झाले की एकदम सामसूम होतं, आणि दोन वर्षांमागं मार्च एंडिंगच्या दिवसांत त्या सामसूमीत मला पहिल्यांदा कळलं की उजव्या कानात कायतरी वाजतंय. बारीक, सलग, कुठंतरी लांब कुकरची शिट्टी अडकून राहिल्यासारखं. आधी वाटलं फ्रीज असेल, उठून फ्रीज बंद केला, आवाज तसाच. सकाळी ब्रश करायला तोंड उघडलं तर कानापुढं कट् असं वाजलं आणि गाल असा दुखरा, जसं काय रात्रभर ऊस खाल्लाय.

या दोन्हीचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे कळायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मेडिकलमधनं विचारून आणलेले ड्रॉप्स झाले, लसूण घालून कोमट केलेलं तेल झालं, कापसाची काडी झाली. यातलं काहीच करू नका, अगदी हात जोडून सांगते. पडद्याला बारीक भोक असलं तर तेल आत जातं आणि कानात इन्फेक्शन होतं, आणि काडीनं मळ बाहेर येत नाही, आणखी आत ठेचला जातो.

संबंध कसा ते आधी थोडक्यात. कानाच्या भोकाच्या अगदी पुढं बोट ठेवा आणि तोंड उघडझाक करा, बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा, त्याला डॉक्टर लोक टीएमजे म्हणतात. कानाची नळी आणि हा सांधा यांच्यामध्ये हाडाची पातळशी भिंत आहे. त्यामुळं सांधा दुखला तरी माणूस "कान दुखतोय" म्हणतो. पण आवाजाचं खरं कारण शेजार नाही, वायरिंग आहे. चावायचे स्नायू ज्या नसेवर चालतात, चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस, तिचीच एक फांदी कानाच्या पडद्याला ताणणाऱ्या इवल्याशा स्नायूला जाते. आणि मेंदूच्या देठात जिथं कानाकडनं आवाज पहिल्यांदा पोचतो तिथं जबड्याच्या आणि मानेच्या स्नायूंचे निरोपही येऊन मिळतात. स्नायू दिवसरात्र आवळलेले राहिले की ते निरोप कानाच्या कामात मिसळतात आणि मेंदूला नसलेला आवाज ऐकू येतो, किंवा आधीच असलेला आवाज मोठा होतो. कान आणि जबड्याच्या तक्रारी एकत्र येतात हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कॉस्टेन नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी 1934 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांनी दिलेलं कारण पुढं टिकलं नाही, पण पेशंटमध्ये त्यांना जे दिसलं ते आजही दिसतंय.

पण म्हणून कानात वाजणाऱ्या प्रत्येकाचा दोष जबड्याचा नसतो. आमच्या शेजारच्या मामांनी तीस वर्षं माग चालवला. त्यांच्याही कानात वाजतं, माझ्यासारखंच कुंई. त्यांना मी मोठ्या उत्साहानं जबड्याचं सांगायला गेले, नंतर टेस्ट केली तर त्यांचं ऐकूच कमी झालेलं निघालं, उंच पट्टीचे आवाज गेलेले. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाजात काम केलं की वर्षानुवर्षांत कानाच्या आतल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. पॉवरलूम, उद्यमबागेतली फौंड्री, डॉल्बी, सगळ्याचं तेच. म्हणून माझ्या मते क्रम चुकवायचा नाही, आधी कान, मग जबडा.

आधी हे तपासा, यात घरचे उपाय नकोत

एका कानाचं ऐकू अचानक कमी झालं असलं, रात्री चांगला होता आणि सकाळी फोन लावला तर ऐकू येईना असं, तर त्याच दिवशी ईएनटीकडं, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ऐकू परत यायचा चान्स जास्त असतो, "बघू की चार दिवस" म्हणत बसलं की तो जातो. तोंड एका बाजूला वाकडं झालं, गरगरून तोल जायला लागला, डोक्याला मार लागल्यानंतर वाजायला लागलं, तर थेट इमर्जन्सी. कानातनं पू किंवा रक्त येत असलं तरी लवकर दाखवा. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् येत असला किंवा एकाच कानात कायम असला तर तोही तपासल्याशिवाय सोडायचा नाही. माझा एकाच कानात होता म्हणून मला जास्तीची तपासणी करावी लागली, त्यात काही निघालं नाही, पण ती केली म्हणून झोप लागली.

मग कानाची साधी तपासणी

ईएनटी डॉक्टर कानात बघतात, मळ असला तर काढतात (नुसत्या मळानंही वाजतं), आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची टेस्ट करायला सांगतात. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज आला की बटन दाबायचं, अर्ध्या तासात होतं, दुखत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या डोसनं कानात वाजतं, काही अँटिबायोटिक आणि लघवीच्या गोळ्यांनीही वाजू शकतं. स्वतः होऊन कुठली गोळी बंद मात्र करू नका, विशेषतः हार्टची.

आता आरशापुढं पाच मिनिटं

ही टेस्ट मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवली. शांत खोलीत बसायचं, आवाज आता किती आहे त्याला दहापैकी मार्क द्यायचे. मग तोंड हळू उघडायचं आणि बघायचं की हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला पळते. आपली स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का बघायची, साधारण चार सेंटिमीटर होतं तेवढं, बहुतेकांची बसतात. दोनच बसत असतील तर कायतरी अडकलंय. मग दोन्ही गालांवर, दात आवळल्यावर जिथं गोळा फुगतो तिथं, आणि कानशिलांवर बोटांनी दाबायचं, कुठं "आई गं" होतं ते बघायचं. शेवटी खालचा जबडा पुढं काढायचा, मुठीनं हनुवटीला हलकासा रेटा द्यायचा, पाच मोजायचे, आणि ऐकायचं. आवाज वाढला, कमी झाला, पट्टी बदलली?

माझा बदलला. रेडिओचं बटन कुणीतरी फिरवल्यागत मोठा झाला आणि सोडल्यावर परत जागेवर आला, अंगावर काटा आला त्या वेळी. पण एवढ्यावर ठरवू नका, जबड्याचा काही त्रास नसलेल्या बऱ्याच लोकांचाही आवाज असं केल्यावर बदलतो. आवाज बदलणं, स्नायू दुखरे असणं, सकाळी जबडा आखडलेला असणं, आणि दुखणं वाढतं त्याच दिवशी आवाज वाढणं, हे सगळं जुळत असलं तर जबड्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

इथं एक महत्त्वाचं. गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्याचं तोंड उघडायचं कमी झालं असलं, तिखट झोंबत असलं, गाल आतनं पांढरट आणि ताठ लागत असला तर तो सांध्याचा विषय नाही, वेगळाच आजार आहे, आणि त्यातनं पुढं कॅन्सर होऊ शकतो. आपल्या भागात हे घराघरात आहे. सुपारी त्याच दिवशी बंद करायची आणि दातांच्या डॉक्टरला दाखवायचं.

दोन आठवडे वहीत लिहा

रोज दोन ओळी पुरतात. सकाळी आवाज किती, जबडा कसा, रात्री झोप कशी, काय चावलं, दिवसाचा ताण किती. माझ्या वहीत दहा दिवसांत दिसलं की मी कामाला आहे त्या सोसायटीत हिशोब जुळत नव्हता त्या दोन रात्रींनंतरची सकाळ सगळ्यात वाईट होती. कॉम्प्युटरपुढं बसून मी दात आवळत होते आणि मला पत्ताच नव्हता!

दात सोडायला शिका, खरं औषध हेच

खाता-गिळताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना लागायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. हे जमवायची सोपी युक्ती म्हणजे मनात "न" म्हणायचं आणि तिथंच थांबायचं, जीभ आपोआप जागेवर बसते आणि दात सुटतात. करून बघा आत्ता. मी मॉनिटरला एक लाल टिकली चिकटवली, ती दिसली की "न". पहिल्या दिवशी जितक्या वेळा टिकलीकडं बघितलं जवळजवळ तितक्या वेळा दात आवळलेले सापडले. तीन आठवड्यांनी ते कमी झालं. हनुवटीला हात टेकून बसायचं नाही, आणि खांदा-गालात फोन धरून बोलायचं तर अजिबात नाही.

खाण्याचं पथ्य दोन-तीन आठवडे. कडक भाकरी, ऊस, फुटाणे, सुकं खोबरं, च्युइंगम बंद. गोकाकचं करदंट पण बंद, मला फार आवडतं तरी सांगते, कारण त्यातला डिंक आणि सुकामेवा चावताना सांध्यावर फार जोर येतो. ताजी मऊ भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, मुगाची खिचडी, आणि आमचा दुधाचा कुंदा चालतो की, तो चावावा लागतच नाही. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची म्हणजे तोंड आ वासून उघडत नाही.

शेक म्हणजे कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा, गालावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातनं दोनदा. त्यानंतर बोटांनी गोल-गोल चोळायचं, सोसेल इतपतच. व्यायाम एकच करा, जीभ टाळूला चिकटवून, ती सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडायचं, सहा वेळा, दिवसातनं तीन-चारदा. दुखलं किंवा अडकलं की थांबायचं. मुद्दाम कट्-कट् वाजवून बघायचा नाद सोडा. नुसतं वाजतं, दुखत नाही, अडकत नाही, तर त्याला उपचार लागत नाहीत.

रात्रीसाठी पूर्ण शांतता नको, शांततेतच आवाज मोठा वाटतो. फॅन किंवा पावसाचा बारीक आवाज मोबाईलवर, कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमीच ठेवायचा. पालथं झोपायचं नाही.

महिना-दीड महिन्यात फरक नाही पडला तर

आता दातांचे डॉक्टर, त्यातही जबड्याचं बघणारे. बेळगावात नेहरूनगरला केएलईचं डेंटल कॉलेज आहे, काहीजण मिरज-कोल्हापूरला जातात. ते नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर देतील, तो तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेलाच घ्या, ऑनलाईन मिळणारा गरम पाण्यात घालून चावायचा नको. गार्डनं दात झिजायचे वाचतात, दुखणंही बऱ्याच जणांचं कमी होतं, आवाज कमी होईल याची मात्र कुणी गॅरंटी देऊ शकत नाही. मला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत "चार दात घासून लेव्हल करू" म्हणाले होते. घासलेला दात परत येत नाही, म्हणून असं काही सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. गार्ड, व्यायाम, शेक हे कधीही थांबवता येतं, म्हणून सुरुवात त्यानंच.

माझा आवाज गेला नाही. दहापैकी सात होता, आता दोन-तीनवर असतो, कधी दिवस-दिवस आठवतही नाही. जबडा मात्र सुटला. मामांना ऐकायचं मशीन बसवलं, त्यांचंही वाजणं त्यानं बरंच दबलं.

आणि ओपीडीला जाताना वही, गोळ्यांची चिठ्ठी, ऑडिओमेट्रीचा कागद एका पिशवीत घाला. समोर बसलेल्या डॉक्टरांना मराठी येत नसलं तर कन्नडमधले चार शब्द पुरतात, किवी म्हणजे कान, सद्दु म्हणजे आवाज, दवडे म्हणजे जबडा, नोवु म्हणजे दुखणं. कान आणि जबडा दोन्ही एकाच दमात सांगा, नाहीतर ईएनटीत फक्त कानाचं आणि डेंटलमध्ये फक्त दातांचं सांगून माणूस घरी येतो.