महागडा मासा घेताय? या चुका टाळा

माशासाठी पैसा पाण्यासारखा ओतायचा आणि पाण्यासाठी मात्र हात आखडता घ्यायचा, ही या छंदातली सगळ्यात महाग चूक. मीही ती केली आहे.

पहिला अरोवाना (लांबट अंगाचा, महागडा शोभेचा मासा) आणला तेव्हा टाकी भरून जेमतेम दोन दिवस झाले होते. पाणी काचेसारखं नितळ, म्हणून मी निर्धास्त. पाचव्या दिवशी मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला, कल्ले भराभर हलत होते. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी कोळंबी टाकली! शेवटी टेस्ट किट आणलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. अमोनिया, म्हणजे माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष.

अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासा आणूच नये. आणलाच असेल आणि असा धापा टाकत असेल तर खाणं बंद करा, एअर पंप वाढवा आणि रोज पाव ते निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं. घाबरून फिल्टरचा स्पंज नळाखाली मात्र धुऊ नका. क्लोरीनने होते नव्हते तेवढे जिवाणूही मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळला की पुरे.

अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे किडे पकडतो. त्यामुळे झाकणावर वजन ठेवा आणि पाइपसाठी सोडलेली फटही जाळीने बुजवा. आज वीतभर असलेला हा मासा पुढे दोन फुटांच्या वर जातो. टाकीची लांबी सगळे बघतात, पण त्याला वळायला जागा लागते ती रुंदीत.

कोईचं, म्हणजे तळ्यात पाळतात त्या रंगीत जपानी माशाचं, दुखणं वेगळं. 2018 मध्ये जपानमध्ये एक कोई 20 कोटी येनच्या वर विकली गेली, तेव्हापासून पिल्लांकडेही लोक लॉटरीच्या तिकिटासारखं बघतात. पण वर्षभराच्या कोहाकूचा (पांढऱ्या अंगावर लाल नक्षीची कोई) लाल पट्टा मोठेपणी फाटू शकतो, सांकेचा (लाल-पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली कोई) काळा रंग येतो-जातो. निव्वळ नक्षीवर भुलू नका, अंगाची ठेवण बघा.

नवी कोई थेट तळ्यात सोडणं म्हणजे तर जुगारच. कोई हर्पीस विषाणूवर औषध नाही आणि वरून ठणठणीत दिसणारा मासाही तो घेऊन येऊ शकतो. किमान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, 23-24 अंशांच्या आसपास ठेवा. थंड पाण्यात हा आजार लपून राहतो. त्या टाकीची जाळी, बादली, सगळं वेगळं.

आणि कागदपत्रं. आशियाई अरोवाना साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. व्यापारासाठी नोंदणीकृत केंद्रात पैदास केलेल्या माशाच्या अंगात मायक्रोचिप असते. पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला स्कॅनर फिरवायला सांगा आणि दिसणारा आकडा प्रमाणपत्राशी स्वतः ताडून बघा. तो "नंतर पाठवतो" म्हणाला, तर मासाही नंतरच घ्या.