टीव्हीपुढून उठायचं कसं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असायचा, कुणी बघत नसलं तरी. पुढचं काही ठरलेलं नसलं की माणूस बसूनच राहतो. म्हणून एकच मालिका निवडा आणि ती संपताच कुणाला तरी भेटायचं ठरवा. आम्ही मासुंदा तलावाला फेरी मारतो.

नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिराती असू शकतात. तेव्हा आवाज बंद करून सासूबाईंशी बोला.

बातम्या मात्र वाचाच. टीव्हीवरच्या चर्चेतला आरडाओरडा ऐकून नुसता राग येतो, आणि गल्लीतल्या पाण्याचा तक्रारअर्ज तसाच पडून राहतो. हे माझ्या मनाला फार लागतं. राग आला की आधी अर्ज लिहा.

रात्री रिमोटवर विसंबू नका, भिंतीवरचं बटणच बंद करा.