एन्क्रिप्टेड मेलचा पासवर्ड विसरलाय? रीसेट दाबायच्या आधी हे वाचा

प्रोटॉन मेलसारख्या एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद मेल अकाउंटचा पासवर्ड विसरलाय आणि समोर फरगॉट पासवर्ड दिसतंय, तर आधी हात आवरा. जीमेलला आपण काय करतो, ओटीपी मागवतो, नवीन पासवर्ड टाकतो, झालं काम. तेच इथं केलंत तर अकाउंट उघडेल, पण आतले जुने मेल उघडणार नाहीत. कुणाचा मेल कधी आला, विषय काय होता एवढं दिसतं आणि मजकुराच्या जागी कुलूप. इथं बेळगावात शहापूर, वडगाव, खानापूरकडनं ओळखीतली माणसं हा प्रॉब्लेम घेऊन माझ्याकडं येतात आणि बऱ्याच जणांनी येण्याआधीच रीसेट दाबलेलं असतं, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतोय. शेताचा उतारा, खरेदीपत्राचं स्कॅन, मुलांची सर्टिफिकेटं, सगळं लोक मेलमध्येच ठेवतात हो, त्यामुळं हे हलक्यात घेऊ नका.

असं का होतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. जीमेलमध्ये पासवर्ड म्हणजे नुसती ओळख, तुम्हीच आहात हे पटलं की ते आत सोडतात. एन्क्रिप्टेड अकाउंटमध्ये मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात खरे पण कुलूपबंद, आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्या पासवर्डनंच उघडते, आणि तो पासवर्ड कंपनीकडं नसतोच. प्रोटॉन मेल २०१४ साली सर्न या स्वित्झर्लंडमधल्या संशोधन संस्थेत भेटलेल्या लोकांनी सुरू केलं, त्यांनी ते मुद्दाम असंच बांधलंय. म्हणून सपोर्टला कितीही कळवळून लिहा, आधार कार्ड पाठवा, जुने मेल ते उघडून देऊ शकत नाहीत. द्यायची इच्छा नाही असं नाही, त्यांच्या हातातच ते नाही.

तर पहिलं काम, अकाउंट अजून कुठं उघडं राहिलंय का बघा. घरातला जुना फोन, ऑफिसचा कॉम्प्युटर, पुण्याला शिकायला असलेल्या मुलाचा लॅपटॉप, कुठंही. कुठंतरी लॉगिन सापडलं तर लॉगआउट करू नका, ॲप काढू नका, ब्राऊजरची हिस्टरी आणि कुकीज साफ करू नका, आणि फोन हँग होतोय म्हणून गणपत गल्लीतल्या दुकानात नेऊन सॉफ्टवेअर मारून आणू नका, निदान हे काम होईपर्यंत तरी. प्रोटॉनमध्ये लॉगिन असतानाच सेटिंगमधून पासवर्ड विसरलो म्हणून विनंती टाकायची सोय आहे, ७२ तास थांबायला लावतात, कारण तेवढ्या वेळात दुसरं कोण तुमच्या नावानं खटपट करत असेल तर ते तुम्हाला कळावं. तीन दिवस जातात पण जुने मेल शाबूत राहतात, मग गडबड कशाला. आणि कुठलीही वाट बंद पडायच्या आधी, मेल उघडे दिसतायत तेवढ्यात महत्त्वाच्या फाइली डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या.

त्याच वेळी ब्राऊजरमध्ये सेव्ह झालेले पासवर्डही बघा. क्रोमच्या सेटिंगमध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर असतो, आयफोनमध्ये पासवर्ड्स असतं, फायरफॉक्समध्येही अशी यादी असते. लॉगिन करताना कधीतरी सेव्ह करू का असं विचारलेलं असतं आणि आपण न वाचता हो म्हटलेलं असतं. बऱ्याचदा पासवर्ड तिथंच सापडतो.

नाही सापडला तर आठवायला बसा, पण कागद घेऊन. मनातल्या मनात आठवून दहा वेळा टाकत बसलात की साइट थोडा वेळ ब्लॉक करते आणि कुठला टाकला, कुठला राहिला तेही कळत नाही. आपल्या भागातले पासवर्ड कशाकशाचे बनतात ते माहीत आहे, पोरांची नावं, गाडीचा नंबर म्हणजे इकडं केए २२ आणि चिकोडी-निपाणीकडं केए २३, पिन कोड ५९०००१, एसटीडी कोड ०८३१, जन्मसाल आणि मध्ये किंवा शेवटी ॲट द रेट. हे सगळे तुकडे एकाखाली एक लिहा. गावाचं नाव घातलं असेल तर स्पेलिंग दोन्ही करून बघा, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं आणि काही जणांच्या बोटात जुनं, शेवटी ए-यू-एम असलेलं स्पेलिंगच राहिलंय, काही जण नवीन ए-व्ही-आय वालं लिहितात, आणि एकच माणूस दोन्ही लिहितो हे पण बघितलंय मी.

दुसरं, कीबोर्ड. आपल्याकडं एकाच मशीनवर इंग्रजी, मराठी, कन्नड तिन्ही असतात. टायपिंग सेंटरच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नुडी हे कन्नड टायपिंगचं नाहीतर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालू राहिलं असेल तर बटण दाबलेलं एक आणि पडलेलं अक्षर दुसरंच, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळं पत्ता लागत नाही. मराठी ५ आणि इंग्रजी 5 हेही कॉम्प्युटरला वेगवेगळे. म्हणून ज्या मशीनवर अकाउंट काढलं होतं त्याच मशीनवर, त्याच कीबोर्डनं, आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघा काय पडतंय ते. फोनवर डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडा करून बघा, पहिलं अक्षर फोननं आपोआप कॅपिटल केलंय का, शब्द सुचवून मागं स्पेस सोडलीय का. माझ्या मते खरोखर विसरलेले पासवर्ड कमी असतात, असं चुकीचं पडलेलं अक्षरच जास्त असतं, म्हणून इथं एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

आता रिकव्हरीच्या गोष्टी. प्रोटॉनमध्ये रिकव्हरी फ्रेज म्हणून १२ इंग्रजी शब्द मिळतात, ते कधी लिहून ठेवलेत का, प्रिंट काढलीत का ते शोधा, जुनी डायरी, एलआयसीची फाइल, कपाटातला लॉकर. हे शब्द असले तर निर्धास्त व्हा, त्यानं पासवर्डही बदलता येतो आणि जुने मेलही उघडतात, दोन्ही एकदमच. शब्दांचा क्रम लिहिलाय तसाच पाहिजे. अक्षर पुसट झालं असेल तरी घाबरू नका, हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठराविक यादीतलेच असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द पक्का ओळखता येतो. दुसरी गोष्ट रिकव्हरी फाइल, ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडलेली असते, प्रोटॉन आणि रिकव्हरी हे शब्द टाकून सगळ्या कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर शोधा. या फाइलनं मेल उघडतात पण अकाउंटमध्ये शिरायला मोबाइल नाहीतर दुसरा ईमेल लागतोच. आणि नुसता मोबाइल किंवा दुसरा ईमेल असेल तर उलटं होतं, अकाउंट मिळतं, जुने मेल मिळत नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवा, सगळा घोळ इथंच होतो.

मोबाइलचं म्हणाल तर कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर आपला वेगळाच त्रास. बऱ्याच जणांकडं एक सिम इकडचं आणि एक चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरकडचं महाराष्ट्र सर्कलचं, आणि अकाउंटला दिलेला नंबर नेमका तिकडचा, ज्यावर रिचार्ज मारायचं राहून गेलंय. ९० दिवस काहीच वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढं तो दुसऱ्याला जातो. म्हणून आधी बघा नंबर जिवंत आहे का. जिवंत आहे पण सिम हरवलंय, तर डुप्लिकेट सिमला साधारणपणे त्याच सर्कलच्या दुकानात जावं लागतं, म्हणजे चंदगडला एक फेरी, आधार कार्ड बरोबर असू द्या आणि सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच घेऊन जा. नवीन सिम चालू झालं तरी पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, सुरक्षेसाठी तसा नियमच आहे, त्यामुळं ओटीपी आला नाही म्हणून लगेच दहा वेळा रीसेंड दाबू नका.

एवढं सगळं करून काहीच हाताला लागलं नाही तर मग रीसेट करा. पण जुने कुलूपबंद मेल डिलीट करू नका. पुढं कधी जुना पासवर्ड आठवला किंवा ते १२ शब्द सापडले तर सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन ते टाकले की जुना डाटा परत उघडतो. ज्यांनी आधीच रीसेट दाबलंय त्यांनाही हेच सांगतो, आशा सोडू नका, कागद शोधत राहा. आणि महत्त्वाचे मेल ज्यांनी पाठवले होते, वकील, शाळा, बँक, त्यांना फोन करून परत पाठवायला सांगा, त्यांच्या सेंटमध्ये ते असतातच.

व्हॉट्सॲपच्या बॅकअपला पण हेच लागू होतं आणि घराघरात तर तेच आहे. २०२१ पासून बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावता येतं, त्याला पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली. पासवर्ड विसरलात पण जुन्या फोनवर व्हॉट्सॲप अजून चालू आहे तर काळजी नाही, सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअपमध्ये जाऊन फोनचं लॉक किंवा अंगठा वापरून पासवर्ड बदलता येतो, आणि नवीन फोनवर जायच्या आधीच तो बदलायचा. जुना फोन फॉरमॅट करून एक्स्चेंजमध्ये दिला आणि मग पासवर्ड आठवेना, तर नंबर चालू होईल, ग्रुप परत दिसतील, पण जुन्या गप्पा आणि आईवडिलांचे व्हॉइस मेसेज गेले. मेगा या ऑनलाइन साठवणीच्या साइटवर फाइली ठेवणाऱ्यांनी लॉगिन आहे तोवर रिकव्हरी की काढून ठेवावी. सगळे पासवर्ड एका जागी ठेवणाऱ्या बिटवॉर्डन ॲपचा मास्टर पासवर्ड विसरलात पण ॲप अंगठ्यानं उघडतंय, तर आतले पासवर्ड आजच्या आज एकेक करून वहीत उतरवा.

आणि कुणी म्हणालं की मी पैसे घेऊन उघडून देतो, तर देऊ नका. किल्लीशिवाय हे कंपनीलाच उघडता येत नाही, तो कुठून उघडणार? असली माणसं आधी थोडे पैसे मागतात, मग ओटीपी मागतात, मग एनीडेस्क म्हणजे लांबून तुमचा फोन चालवता येणारं ॲप टाकायला लावतात आणि बँक खातं रिकामं. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

अकाउंट हातात आलं की त्याच बैठकीत नवीन रिकव्हरी फ्रेज काढा, कारण नवीन काढली की जुनी चालत नाही, आणि जुना कागद फाडून टाका नाहीतर पुढं दोन कागदांत घोळ होतो. नवीन शब्द पेननं स्वच्छ इंग्रजी अक्षरात, नंबर घालून कागदावर लिहा, फोटो काढून गॅलरीत ठेवू नका. दोन प्रती करा, एक घरी आणि एक भरवशाच्या माणसाकडं, बहिणीकडं म्हणा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर ज्याला दर महिन्याला रिचार्ज मारता तोच द्या. मग लॉगआउट करून एकदा नवीन पासवर्डनं परत आत जाऊन बघा, आणि तेवढा वेळ दुसऱ्या फोनवर लॉगिन चालू राहू द्या.