पूल संघाच्या बक्षिसाची वाटणी: पहिल्या ब्रेकआधी ठरवायच्या गोष्टी

पूल म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने चेंडू खिशांत पाडण्याचा खेळ, आणि ब्रेक म्हणजे त्यातला डाव सुरू करणारा फटका. बक्षिसाची रक्कम हातात आल्यावर वाटणीचा नियम ठरवायला बसलेला संघ बहुधा भांडतोच, कारण तोवर प्रत्येकाने आपल्या हिश्शाचा आकडा मनातल्या मनात काढलेला असतो आणि कोणता नियम न्याय्य आहे याबद्दलचे त्याचे मत त्या आकड्याला धरूनच तयार होते. म्हणून नियम ठरवण्याचा योग्य दिवस म्हणजे प्रवेश शुल्क भरण्याचा दिवस. आमच्या संघात त्या दिवशी हा विषय निघाला होता. पण एकाने ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण ऐकवली, सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. तीन महिन्यांनी आम्ही दुसरे आलो. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ठेल्यावर तर्री पोहे समोर ठेवून वाटणीला बसलो, आणि पोह्यांवरची तर्री गार होऊन वर तेलाचा थर धरेपर्यंत दोघांचे बोलणे बंद झाले होते. पुढे जे लिहिले आहे ते त्यानंतरच्या हंगामांत बसवलेल्या पद्धतीवरून लिहिले आहे.

सर्वप्रथम, वाटायची रक्कम नेमकी किती याचा हिशेब करावा. जाहीर झालेले बक्षीस आणि हातात पडणारे बक्षीस एकच असेल असे नाही. खेळांत जिंकलेल्या रकमेवर, ती 10,000 रुपयांच्या वर असल्यास, उगमाशीच (म्हणजे पैसे देतानाच, टीडीएस म्हणून) 30 टक्के कर कापण्याची तरतूद आयकर कायद्यात आहे आणि आयोजक त्यानुसार कर कापून उरलेलेच पैसे देऊ शकतात. इथे एक खाच आहे, जी बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. धनादेश कर्णधाराच्या नावाने निघाला तर कापलेला कर त्याच्या पॅनवर जमा होतो आणि त्याच्या नावावर संपूर्ण बक्षिसाचे उत्पन्न दिसते, मग त्याच्या खिशात त्यातले दोन हजारच का राहिलेले असेनात. त्यामुळे रक्कम प्रत्येक खेळाडूच्या खात्यात थेट जमा करणार का, हे आयोजकांना आधीच विचारावे. तशी सोय झाली तर प्रत्येकाच्या उत्पन्नाची नोंद त्याच्या त्याच्या नावावर होते. रक्कम मर्यादेखाली राहिली म्हणजे कर माफ झाला असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. तो फक्त उगमाशी कापला जात नाही. आयोजक तयार नसतील तर वाटणीचा सह्यांचा कागद आणि यूपीआयने पाठवलेल्या रकमांच्या नोंदी कर्णधाराने जपून ठेवाव्यात आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी सीएला दाखवाव्यात.

हातात आलेल्या रकमेतून आधी खर्च फेडावा आणि मगच वाटणीला हात घालावा. कोणता खर्च संघाचा आणि कोणता ज्याचा त्याचा, हे लिहून ठेवले नाही तर इथेच पहिली ठिणगी पडते. प्रवेश शुल्क संघाचे. बाहेरगावच्या लढतीसाठी लागलेले पेट्रोल आणि टोल संघाचा, मग गाडी कोणाचीही असो. सगळ्यांना कळवून ठरवलेल्या सामूहिक सरावाचे टेबलभाडे संघाचे. पण कोणी एकटाच दुपारी दोन तास बँक शॉट (चेंडू टेबलाच्या कडेवर आपटवून मारायचा फटका) घोटत बसला असेल तर ते भाडे त्याने स्वतः द्यावे. क्यूची नवी टिप, हातमोजा, चॉक हा वैयक्तिक खर्च. ज्याने पैसे घातले त्याने त्याच दिवशी संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर पावती किंवा रक्कम टाकावी आणि महिनाभरानंतर आठवणीने सांगितलेला खर्च धरू नये, हा नियम कठोर वाटतो. पण ‘मागे तो चहा मीच पाजला होता’ या प्रकारचे दावे त्यानेच थांबतात.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे उरलेल्या रकमेचे तुकडे कसे पाडायचे. पूलमध्ये सगळ्यांच्या मनात प्रथम येणारी कल्पना अशी की, ज्याने जितके सामने जिंकले त्याला तितका मोठा हिस्सा द्यावा. दिसायला ती सरळ आहे. माझ्या मते ती सर्वांत वाईट आहे. संघाच्या लढतीत कोणासमोर कोणाला उतरवायचे हा कर्णधाराचा डाव असतो. समोरच्यांचा हुकमी खेळाडू टेबलावर आला की पुष्कळदा आपल्यातल्या दुबळ्या खेळाडूला त्याच्यासमोर उभे करतात, म्हणजे तो सामना गेला तरी आपले चांगले खेळाडू उरलेल्या सामन्यांसाठी मोकळे राहतात. जो मुलगा हंगामभर अशा सामन्यांत हरत राहिला, त्याच्या हरण्यावरच इतरांचे विजय उभे असतात. जिंकण्याला पैसे लावले की हा मुलगा पुढच्या वेळी नकार देतो, बाकीचे सोपा प्रतिस्पर्धी मागू लागतात, आणि संघाची यादी तयार करणे हा खेळाचा विषय न राहता पैशाचा होऊन बसतो.

ज्या लीगमध्ये कौशल्यश्रेणी असते तिथे तर हे आकड्यांतच दिसते. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या एट-बॉल (पूलचा एक प्रकार) लीगमध्ये खेळाडूंना 2 ते 7 अशी श्रेणी मिळते, एका लढतीत पाच जण खेळतात आणि त्या पाचांच्या श्रेणींची बेरीज 23 च्या वर जाऊ देत नाहीत. दोन 7 श्रेणीचे खेळाडू उतरवले की उरलेल्या तिघांसाठी 9 च गुण राहतात, म्हणजे सरासरी प्रत्येकी 3. ते तिघे नसतील तर दोन तरबेजांना एकत्र खेळताच येणार नाही. आपल्याकडच्या स्पर्धेत असा नियम असो वा नसो, ‘मी जिंकलो म्हणून संघ जिंकला’ असे म्हणणाऱ्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

दुसऱ्या टोकाला सरसकट समान वाटणी आहे. तिची भलामण करणाऱ्यांजवळ मोठे उदाहरण आहे: 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर क्रिकेट मंडळाने जाहीर केलेल्या 125 कोटींतून, त्या वेळच्या बातम्यांनुसार, संघातल्या पंधराही खेळाडूंना प्रत्येकी 5 कोटी मिळाले, आणि त्यांत एकही सामना न खेळलेले खेळाडूही होते. पण ते खेळाडू पूर्ण दौरा संघासोबत होते. हौशी संघात एखादा मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागातली रात्रपाळी सांभाळून, झोप मोडून प्रत्येक लढतीला येतो आणि दुसरा अंतिम फेरीलाच उगवतो. त्या दोघांना सारखे पैसे दिले तर पहिल्याला राग येणारच, आणि तो रास्तही आहे.

म्हणून आम्ही मधला मार्ग धरला: अर्धी रक्कम सर्वांत समान आणि अर्धी खेळलेल्या सामन्यांनुसार. जिंकलेल्या नव्हे, खेळलेल्या. उदाहरण घेऊ. संघात सहा जण आहेत, हंगामात आठ लढती झाल्या आणि प्रत्येक लढतीत पाच जण एकेक सामना खेळले. म्हणजे एकूण 40 सामने. बक्षीस 30,000 रुपयांचे होते, कर कापून 21,000 हातात आले. प्रवेश शुल्क 3,000, अमरावतीला जाऊन-येऊन 2,700 आणि सरावाचे बारा तास दोनशे रुपयांच्या दराने 2,400, असे 8,100 रुपये ज्याचे त्याला परत केले. उरलेल्या 12,900 पैकी 900 पुढच्या प्रवेश शुल्कासाठी संघाच्या गंगाजळीत ठेवले. राहिले 12,000. त्यातले 6,000 समान वाटले, प्रत्येकी 1,000. बाकीचे 6,000 भागिले 40, म्हणजे दर सामन्याला 150. आठही लढती खेळलेल्या तिघांना प्रत्येकी 2,200 रुपये, सात खेळलेल्याला 2,050, पाच खेळलेल्याला 1,750 आणि चारच खेळलेल्याला 1,600. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या हिश्शात 600 रुपयांचे अंतर पडते. ते इतके आहे की नियमित येणाऱ्याची दखल घेतली जाते, आणि इतके कमी आहे की परीक्षेमुळे मागे राहिलेल्याला अपमान वाटत नाही.

जो लढतीला वेळेवर हजर होता, पण कर्णधाराने त्याला बसवले, त्याचा अर्धा सामना धरावा, असे काही संघ ठरवतात. मला हे पटते. फक्त हजेरी त्याच रात्री वहीत मांडलेली असावी. हंगाम अर्धवट सोडून गेलेल्या खेळाडूला त्याचा खर्च आणि खेळलेल्या सामन्यांचा हिस्सा द्यावाच. समान भागातला हिस्सा मात्र जितक्या लढती होईपर्यंत तो संघात होता तितक्याच प्रमाणात द्यावा. एखाद्याला सर्वोत्तम खेळाडूचे स्वतंत्र पारितोषिक मिळाले तर ते त्याचेच, त्यावर संघाने डोळा ठेवू नये.

वस्तूरूप बक्षिसाचे काय करायचे, हा प्रश्न पैशापेक्षा नाजूक असतो. आम्हाला एकदा रकमेसोबत एक क्यू मिळाली. चिठ्ठी टाकण्याऐवजी भिशीत लावतात तशी आपसांत बोली लावली, ज्याची बोली वरची त्याने क्यू घेतली आणि बोलीचे पैसे वाटायच्या रकमेत मिळवले. चषक आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी दोन महिने राहतो, क्रम चिठ्ठीने.

जल्लोषाच्या जेवणाचा खर्च वाटणीआधी काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आमच्या त्या पहिल्या बक्षिसातले चार हजार रुपये एका सावजी भोजनालयात मटणावर गेले. संघातला एक जण माळकरी. तो पोळी आणि पाटोडी खाऊन उठला आणि बिलाचा सहावा हिस्सा त्याच्या वाट्यातून गेला. तो काही बोलला नाही, पण पुढच्या हंगामात आलाही नाही. आधी वाटणी करावी, पैसे प्रत्येकाच्या खात्यात पडू द्यावेत, आणि मग ज्याला यायचे त्याने यावे व आपले बिल आपण भरावे.

हे सारे एका पानावर मावते. ते पान प्रवेश शुल्काच्या पावतीसोबत ठेवावे, खाली सगळ्यांच्या सह्या असाव्यात, त्याचा फोटो गटावर पिन करावा आणि हंगाम चालू असताना त्यातला एकही नियम बदलू नये. चूक दिसली तर पुढच्या हंगामासाठी टिपून ठेवावी. हिशेब कर्णधाराने करावा, पण पडताळणी दुसऱ्याने, शक्यतो सर्वांत कमी हिस्सा मिळणाऱ्याने करावी. रक्कम आल्यापासून सात दिवसांत सगळ्यांना पैसे पोहोचले पाहिजेत, आणि भागाकारात उरलेले सुटे रुपये गंगाजळीत टाकावेत.