मॉडेल १०० हाती आला, तर आधी पालथा घाला

टीआरएस-८० मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक रेडिओ शॅक या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स दुकान-साखळीने १९८३ मध्ये दुकानांत आणला. बांधणी जपानच्या क्योसेराची. आज तो बहुधा ‘बंद आहे’ या शेऱ्यासह विकला जातो. त्याला घाबरू नका, पण लगेच चालूही करू नका.

यंत्र पालथं करा, तळाचा मेमरी स्विच बंद करा आणि चारही एए पेन्सिल सेल काढा. सेल पाझरले असतील, तर पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसेल. ती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा.

खरा घात आत असतो. बोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. या यंत्रात डिस्क नाही. फाइली रॅममध्येच राहतात आणि सेल संपले की ही बॅटरी त्या सांभाळते. जुनी होऊन ती पाझरते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. तळाचे चार स्क्रू काढून दोन्ही भाग सावकाश वेगळे करा. स्क्रीन आणि कीबोर्डच्या केबल्स मध्ये ताणलेल्या असतात, हिसका दिला की संपलं. बॅटरी काढून तेवढ्याच व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी बसवा. हात घातलाच आहे, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही (वीज साठवणारे छोटे गोल डबे) बदला. अधिक-उणे बाजू काढण्यापूर्वी फोटोत टिपून ठेवा.

अडॅप्टर ६ व्होल्ट डीसीचा लागतो आणि मधली पिन ऋण. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांची धन असते. अमेरिकेतून मागवलेल्या यंत्रासोबतचा मूळ अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या २३० ला लावला तर जळेल. पहिल्या चाचणीला नवे सेलच बरे.

आता मेमरी स्विच चालू करा. तो विसरला की यंत्र मेल्यासारखंच वागतं. मग पॉवर स्विच चालू करा. स्क्रीन कोरी दिसली, तर आधी बाजूची कॉन्ट्रास्टची चकती फिरवा. तरीही कोरीच असेल, तर वीजपुरवठ्यातले +५ आणि -५ व्होल्ट मोजा. अगम्य अक्षरं दिसली, तर कंट्रोल आणि ब्रेक दाबून ठेवून मागचं रिसेट दाबा. याने सगळ्या फाइली जातात. मेनूवर १९०० साल दिसलं, तर सगळं ठीक आहे. ३२ के रॅमच्या यंत्रात मोकळे बाइट २९६३८ दिसायला हवेत. आकडा कमी असेल, तर रॅम कमी बसवलेली आहे किंवा एखादी चिप बोलत नाही. दहा मिनिटं हात लावला नाही की यंत्र आपणहून बंद होतं. पॉवर स्विच (मेमरी स्विच नव्हे) एकदा बंद करून पुन्हा चालू केला की उठतं.

फाइल आजच्या संगणकावर न्यायची, तर नल-मोडेम केबल (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली सिरियल केबल) लागते, साधी चालत नाही. टेलकॉम या यंत्रातल्याच संपर्काच्या प्रोग्राममध्ये स्टॅट या जोडणी ठरवण्याच्या आज्ञेला ८८एन१ई द्या: ९६०० बॉड (वेग), आठ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, एक्सऑन (‘थांब’, ‘पाठव’ अशा खुणा) चालू. पलीकडेही एक्सऑन-एक्सऑफ चालू ठेवा. मॉडेल १०० ची स्क्रीन सावकाश सरकते, म्हणून उलट्या दिशेने, म्हणजे आजच्या संगणकावरून त्याच्याकडे, लांब मजकूर पाठवताना अक्षरं गळतात. गळायला लागली की वेग ३०० बॉडपर्यंत उतरवा.