अखेरच्या दिवसांत कुटुंबाला आणि शुश्रूषा करणाऱ्यांना आधार कसा द्यावा

दुखणे आता बरे होणारे नाही, हे कळल्यावर घरच्यांना सर्वाधिक भीती वाटते ती पुढे काय पाहावे लागेल याची. म्हणून शरीरात कोणते बदल होतील, ते त्यांच्याजवळ बसून साध्या शब्दांत आधीच सांगावे. झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो आणि गिळता न आल्याने घशात साचलेल्या स्रावामुळे घरघर लागते. ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते, पण भान हरपलेल्या रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही, आणि त्याला कुशीवर वळवल्यास ती पुष्कळदा कमी होते. हे आधी ठाऊक असलेली मुलगी त्या रात्री आईचा हात धरून बसू शकते.

अन्नाचा विषय फार नाजूक असतो. 'आपण उपाशी तर ठेवत नाही ना?' हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि तो झटकून टाकू नये. शरीराची गरजच मंदावल्याने भूक मावळते आणि बळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे समजावताना भरवणाऱ्या हातांना दुसरे काम द्यावे: मऊ स्पंज पाण्यात बुडवून, नीट पिळून, ओठांवरून, हिरड्यांवरून आणि जिभेवरून हलकेच फिरवावा.

वेदनाशामक औषध दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी हाच आग्रह धरला होता. वेदना शरीराबरोबर मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हेही त्यांनीच ठामपणे मांडले. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतील मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाने मृत्यू ओढवत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे, नाहीतर शेवटचा डोस देणारा पुढे कित्येक वर्षे स्वतःला दोष देत राहतो.

कुटुंबाशी शक्यतो एकाच ओळखीच्या व्यक्तीने बोलावे आणि कामाची पाळी बदलताना औषधांबरोबरच घरच्यांना काय सांगून झाले आहे तेही पुढच्यांना कळवावे. शुश्रूषा करणाऱ्यांचे दुःख मात्र सहसा कुणी विचारातच घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मृत्यूनंतर सर्वांनी काही मिनिटे खाटेजवळ शांत उभे राहावे, आणि ज्या परिचारिकेने पहिल्यांदाच मृत्यू जवळून पाहिला आहे, तिला लगेच पुढच्या रुग्णाकडे न पाठवता कुणीतरी तिच्याजवळ बसावे.