फड्या निवडुंग कुंडीत लावताना

कुंडीतला निवडुंग तहानेने क्वचितच मरतो, बहुतेक वेळा पाण्याने सडतो. त्याची ठेवणच साठवणीची आहे. आपण ज्याला पान म्हणतो तो चपटा फडा म्हणजे खोड. आत बुळबुळीत गर पाणी धरून ठेवतो, वरून मेणचट साल. खरी पानं कोवळ्या फड्यावर तांदळाएवढी येतात आणि लवकरच गळतात. सालीवरची रंध्रं रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा वापरला जातो. म्हणून पहाटे तोडलेला फडा संध्याकाळपेक्षा आंबट लागतो.

लावायला पूर्ण वाढलेला फडा सांध्यावरच कापा. धरायला चिमटा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र घ्या. मोठे काटे दिसतात तरी. खरा त्रास लवदार ठिपक्यांतल्या केसासारख्या कुसळांचा. ती कातडी हातमोज्यातही रुततात आणि मग दिवसभर बोटं चुरचुरतात. रुतलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा.

कापलेला फडा सावलीत दहा-पंधरा दिवस उभा ठेवा. जखमेवर कोरडी खपली धरायलाच हवी. घाई करून ओला काप मातीत खोचला की तिथूनच बुरशी शिरते. एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे. तळाला भोक असलेली मातीची कुंडी. फडा जेमतेम एक तृतीयांश पुरा, हलत असेल तर काडीचा आधार द्या. पहिला आठवडा पाणी नाही.

पुढे पाणी देताना तळातून निथळेपर्यंत द्या, मग माती पार सुकू द्या. मुळं उथळ पसरतात, बारीक मुळं कोरड्यात झडतात आणि ओल लागताच नवी फुटतात, त्यामुळे रोजचा चमचाभर शिडकावा उपयोगाचा नाही. फडा पातळ होऊन सुरकुतला तर तहान. बुडाशी तपकिरी, मऊ आणि वास येत असेल तर सड. तेव्हा पाणी देणं म्हणजे घात. आत स्वच्छ हिरवा गर दिसेपर्यंत कापा, वरचा भाग पुन्हा वाळवून लावा. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या.

त्रिधारी निवडुंग मात्र या कुळातला नाही. कापल्यावर पांढरा चीक आला की ओळखा, आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.